पहिली रायफल

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल ज्याच्या हाती कधी आलेच नाही, असा मुलगा मराठी घरात शोधूनच काढावा लागेल. लाल टिकल्यांची ती गुंडाळी, जळक्या दारूचा तो वास आणि "अरे, माणसावर रोखू नकोस" ही आजीची तंबी, सारेच आपल्या ओळखीचे. चार दिवस सरले, की पिस्तूल माळ्यावर जाते आणि हौसही तिथेच विसावते. काही मुलांची मात्र विसावत नाही. ती वयाबरोबर वाढते आणि एके दिवशी जेवताना प्रश्न येतो, "बाबा, मला खरी रायफल घेऊन द्याल का?"

१ ऑगस्ट २०२४ नंतर हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येऊ लागला. त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीहून खाशाबा जाधवांनी पदक आणले, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला हा दिवस दिसला. मी शिकवतो मराठी. पण कॉलेजातल्या एन. सी. सी.चे कामही माझ्याकडे असल्यामुळे जुळे सोलापुरातल्या आमच्या वसाहतीत बंदुकीचा विषय निघाला, की मंडळी माझ्याच दाराशी येतात. परवा असेच एक गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन आले. चिरंजीवांची मागणी स्पष्ट होती. "सर, लांब पल्ल्याची पाहिजे. हजार मीटरवर लागली पाहिजे. आणि आजोबांसारखी शिकारही करता आली पाहिजे!" वडील हळूच म्हणाले, "सर, मला एवढेच सांगा, पैसे वाया जाणार नाहीत ना? आणि घरात आणायला भीती नाही ना?"

दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी ते निकालात काढलेलेच बरे.

प्रथम शिकारीचे पाहू. आजोबांच्या पिढीत शिकार ही मर्दुमकीची गोष्ट होती. हरणाचे शिंग दिवाणखान्यात लावलेले असे आणि पाहुण्याला ते कौतुकाने दाखवले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले. पिकांची नासाडी करणाऱ्या किंवा माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावरासाठी कायद्यात वाट आहे. पण ती अधिकाऱ्याच्या हुकमाने उघडते, कुणाच्या हौसेने नव्हे. तेव्हा शिकारीसाठी रायफल निवडण्याचा प्रश्न आपल्या देशात उरलेलाच नाही.

आणि तो उरला नाही हे बरेच झाले, असे सोलापूरकराने तरी म्हणावे. आमच्या शहरापासून जवळच नान्नजचे माळरान आहे. १९७९ साली ते माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हा भारदस्त पक्षी एके काळी शिकाऱ्यांच्या खास आवडीचा. मादी एका हंगामात बहुधा एकच अंडे घालते. मग बंदुकीने एका सकाळी केलेले नुकसान भरून यायला किती वर्षे लागावीत? त्याची माळरानेही नांगराखाली गेली. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला काळवीट दिसतात. माळढोक दिसला, तर तो भाग्याचा दिवस. व्यंकटेश माडगूळकरांचेच पाहा ना. तारुण्यात ते हौशी शिकारी होते. पुढे जनावरे नुसती पाहण्यात रमले, आणि वानरांच्या टोळ्यांवरच्या त्यांच्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता लांब पल्ल्याचे पाहू. ३०० मीटरची रायफल स्पर्धा एके काळी ऑलिंपिकमध्ये होती. १९७२ च्या म्युनिकनंतर ती तिथून गेली. आज ऑलिंपिकमध्ये रायफलीचे दोनच पल्ले आहेत, १० मीटर आणि ५० मीटर. "एवढेच?" असे चिरंजीव तोंड वाकडे करून म्हणाले. पण अंतर कमी झाले, तसे निशाणही आकसले. १० मीटरवरच्या निशाणाचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ५० मीटरवरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. दोन्हीकडे दुर्बीण लावता येत नाही; मागच्या बारीक छिद्रातून पाहून पुढच्या कड्यात निशाण बसवायचे.

शिवाय पल्ला वाढला, की हिशेब कठीण होतो. पॉइंट टू-टूची गोळी साधारण सेकंदाला सव्वातीनशे मीटर वेगाने सुटते. ५० मीटर जाईपर्यंत ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते आणि १०० मीटरवर सुमारे अर्धा मीटर. त्यात आडवा वारा आला, की ती बाजूलाही सरकते. जवळच्या पल्ल्यावर चूक झाली, तर ती नेमबाजाची असते, हे त्याला लगेच कळते. लांबच्या पल्ल्यावर चूक आपली, वाऱ्याची की काडतुसाची, हे नवशिक्याला उमगतच नाही, आणि ज्याला चूक सापडत नाही, त्याची ती सुटतही नाही.

आणखी एक गोष्ट. हीच लहानशी गोळी मोकळ्या रानात दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. आपला माळ रिकामा दिसतो. पण कुठल्या तरी बांधाआड धनगराची मेंढरे असतात, कुणी बाई सरपण वेचत असते. मागे मातीचा भक्कम बांध असलेले मैदान नसेल, तर रायफल बाहेर काढायचीच नाही.

म्हणून पहिली रायफल हवाई असावी आणि तीही ४.५ मिलिमीटरची. तिचे दोन प्रकार. पहिला स्प्रिंगचा: नळी मोडून स्प्रिंग दाबायची आणि छर्रा घालायचा. देशी बनावटीची अशी रायफल काही हजारांत मिळते. मात्र उडताना स्प्रिंगचा हिसका बसतो आणि नेम हलतो. दुसरा प्रकार दाबलेल्या हवेच्या नळकांडीचा. हिसका जवळपास नाही. स्पर्धेत हाच वापरतात. आन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ ही जर्मन नावे नेमबाजांच्या तोंडी असतात. पण किंमत लाखाच्या वर जाते. म्हणून मुलगा सहा महिने टिकून सराव करतो की नाही, हे पाहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

निवडताना ताकद विचारू नये, माप विचारावे. दुसऱ्याच्या चपला घालून कोणी शर्यत धावत नाही. दस्ता खांद्याला टेकवल्यावर मान न ताणता डोळा छिद्रासमोर आला पाहिजे. बोट चापावर सहज पोहोचले पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलासाठी दस्त्याची लांबी आणि गालाचा टेकू मागेपुढे, वरखाली करता येणारा हवा. स्पर्धेत हवाई रायफलीला साडेपाच किलोपर्यंत वजन चालते. पण ते पेलून साठ नेम साधायचे असतात, म्हणून सुरुवातीला हलकीच बरी. आणि आधी डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर बोट रोखा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट खांबावरच राहते, तो तुमचा नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा जोरकस निघाला, तर हे खरेदीपूर्वीच कळलेले बरे.

आता कायदा. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. ओळखीचा पुरावा द्यावा लागतो. पॉइंट टू-टूसाठी मात्र परवाना हवाच, आणि तो एकविसाव्या वर्षाआधी मिळत नाही. सोलापूर शहरात त्यासाठी अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा. बारा वर्षांवरील मुलांना रीतसर क्लबमध्ये, देखरेखीखाली शिकता येते.

वडिलांच्या भीतीबद्दलही सांगतो. परवाना लागत नाही, म्हणजे ते खेळणे ठरत नाही. छर्ऱ्याने डोळा जातो. रायफल भरलेलीच आहे असे समजून हाताळावी. तोंड सदैव निशाणाकडे, बोट चापाबाहेर. गच्चीवरून कबुतरांवर नेम धरणे हे पाप तर आहेच, शिवाय समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी मूल असते. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव झाल्यावर हात धुवावेत. घरी रायफल कुलपात राहील आणि किल्ली वडिलांच्या खिशात. हे ज्या घराला जमणार नाही, त्याने ती आणू नये.

खरे पाहता पहिली रायफल विकतच घ्यायला हवी, असे नाही. अंजली भागवत एन. सी. सी.तून या खेळात आल्या. स्वप्नील कुसाळे सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. सुमा शिरूर यांनी २००४ साली हवाई रायफलीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. ही नावे बहुतांशी मुलींची आहेत, हे घरात बहीण असलेल्या चिरंजीवांनी ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर भेटणारी मावळंकर स्पर्धा ज्यांच्या नावाने भरते, ते ग. वा. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

मी त्या चिरंजीवांना सांगितले ते असे. सहा महिने क्लबची रायफल वापर. रोज वीस मिनिटे, छर्रा न घालता, नुसता नेम धर आणि चाप ओढ. श्वास कुठे थांबतो, चाप ओढताना खांदा कुठे हलतो, वहीत लिही. वही भरली, की वडिलांना घेऊन दुकानात जा.

"आणि हजार मीटर?" त्याने विचारलेच.

"आधी दहा मीटरवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका लागू दे," वडीलच म्हणाले, "मग बघू."