दुसरा क्रमांक, पण सहा सेकंदांनी सरस

परभणी : मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात परभणीच्या ज्योती गवते २०१७ मध्ये पहिल्या आल्या. त्यांनी २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद अशी वेळ नोंदवली होती. पुढच्याच वर्षी सुधा सिंग यांच्यामागे त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्या शर्यतीतील त्यांची वेळ होती २ तास ५० मिनिटे ४७ सेकंद, म्हणजे जिंकल्या त्यापेक्षा सहा सेकंदांनी सरस. २०१९ मध्येही क्रमांक दुसराच राहिला. वेळ मात्र २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंदांवर आली. नुसते क्रमांक पाहिले तर ही घसरण वाटते. घड्याळ वेगळेच सांगते.

शालेय खेळाडूंच्या आत्मविश्वासाचा प्रश्न नेमका येथेच अडतो. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. बाद पद्धतीच्या सामन्यात पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील एखादा कबड्डी संघ पहिल्याच दिवशी हरला, की त्याचा शालेय हंगाम तेथेच संपतो. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुणही स्पर्धेतील कामगिरीशी जोडलेले असतात. साहजिकच घरी पहिला प्रश्न असतो, 'कितवा आलास?' वास्तविक क्रमांक हा समोर कोण आहे यावरही ठरतो. १४ वर्षांखालील गटात तर एकाची उंची वर्षभर आधी वाढलेली असते, दुसऱ्याची वाढायची असते. उशिरा वाढणारा मुलगा हरतो आणि 'आपल्यात दम नाही' असे मनाशी धरून मैदान सोडतो. असे किती खेळाडू गळतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' या विश्वासाचे चार स्रोत मांडले : स्वतः करून दाखविल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते जमल्याचे पाहणे, इतरांचे प्रोत्साहन आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. त्यांतील पहिला सर्वांत बळकट. मैदानाच्या कडेने 'मनात आण, जिंकशील' असे ओरडणे सर्वांत सोपे असल्याने तेच अधिक चालते. मात्र अनुभवाचा आधार नसेल तर हे शब्द पहिल्या पराभवातच विरतात.

हा अनुभव जमविण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. एक वही आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. दर पंधरवड्याला तेच अंतर, शक्यतो त्याच वेळी धावून नोंद करावी. कबड्डीत यशस्वी चढाया आणि चुकलेल्या पकडी मोजाव्यात. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा वेळ वाढणारच. म्हणून नोंदीशेजारी हवामानही लिहावे, अन्यथा मूल विनाकारण खचते. पराभवानंतर लगेच चुकांची उजळणी नको. दुसऱ्या दिवशी वही उघडून काय जमले, काय निसटले आणि पुढील आठवड्यात काय करायचे, एवढेच विचारावे.

शर्यतीपूर्वी छातीत धडधडते, तळहातांना घाम सुटतो. ही भीतीची नव्हे, शरीर सज्ज होत असल्याची खूण आहे, हे प्रशिक्षकाने आधीच समजावून सांगावे. सरावातच शिट्टी, पंच आणि प्रेक्षक आणून स्पर्धेसारखे वातावरण केल्यास ही धडधड ओळखीची होते.

अर्थात सारे काही वहीने सुटणारे नाही. पराभवानंतर काही आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, मूल मित्रांनाही टाळत असेल, तर त्याला 'मन घट्ट कर' असे न सांगता डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.