ब्रेकमधील हवा

भोपाळ हे जसे तलावांचे, तसेच चढउतारांचे शहर. श्यामला हिल्सवरून मोठ्या तलावाकडे उतरताना मोटारीतील साऱ्या कुटुंबाचा भरवसा ब्रेकवर असतो. ब्रेक पायाखाली स्पंजासारखा मऊ लागू लागला, तर नळ्यांत हवा शिरली असावी असे समजावे. तेल दाबाने आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर ते चाकांपर्यंत नेते. हवा मात्र आक्रसते व तो जोर वाया जातो.

ही हवा घरीही काढता येते. माणसे मात्र दोन लागतात. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. कोणते चाक आधी घ्यावे, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. चाकामागील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. एकाने ब्रेक दाबून धरावा; दुसऱ्याने निपल पान्याने किंचित सैल करावे. तेल आणि बुडबुडे बाहेर आले की निपल आधी आवळावे, मगच पाय उचलावा. हा क्रम चुकला, तर हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असे करीत राहावे. वरचे तेलाचे भांडे मात्र रिते होऊ देऊ नये. बाहेर काढलेले तेल पुन्हा वापरू नये. ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेते.

एवढे करूनही ब्रेक मऊच राहिला, किंवा कोठे तेल गळताना दिसले, तर मेकॅनिकला बोलवावे. ब्रेक कडक लागल्याची खात्री झाल्यावाचून कोणीही गाडी रस्त्यावर नेऊ नये, अशी आम्ही वाचकांस विनंती करतो.