मनोरुग्णाचं पोट कोण तपासणार?

आज मी मनाच्या आजारावर कमी बोलणार आहे, आणि मनाचा आजार असलेल्या माणसाच्या शरीरावर जास्त. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे गंभीर आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण 10 ते 20 वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, आत्महत्येमुळे. तेही कारण आहेच. पण बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुफ्फुसांचे आजार आणि जंतुसंसर्ग यांनी होतात. म्हणजे ज्यांवर इलाज आहे अशा आजारांनी.

हे कसं घडतं ते बघू. समजा, राजगडाच्या पायथ्याशी, इथे पालीत एक तरुण आहे. त्याला क्लोझापिनची गोळी चालू आहे. पुण्यात येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण ते पडलं लांब. त्यामुळे महिन्याच्या गोळ्या एकदम आणायच्या. तो चार दिवस म्हणतोय, पोट जड वाटतंय. घरचे म्हणतात, याचं नेहमीचंच आहे. दवाखान्यातही केसपेपरवर मनाच्या आजाराचं नाव दिसलं की पोटावर हात ठेवायचा राहून जातो. क्लोझापिनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते. आतडी अडकून माणूस दगावूही शकतो. इथे एकच प्रश्न हवा होता: ‘बाबा, परसाकडे शेवटचा कधी जाऊन आलास?’

हा प्रश्न विचारायचा कुणी? मनोविकारतज्ज्ञाला वाटतं, ते फिजिशियनचं काम. फिजिशियनला वाटतं, हा पेशंट तिकडचा. मधल्या मध्ये माणूस राहून जातो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली सुरू झाला. तेव्हापासून आपण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मनाचे आजार शिकवतो आहोत, आणि ते चांगलंच झालं. पण उलटा रस्ता, म्हणजे मनाकडे बघणाऱ्यांना शरीर शिकवणं, तेवढा मळलेला नाही. आता सिस्टर म्हणतील, आम्ही नर्सिंगला शरीर शिकलोच की! शिकलात. पण मनोविकार वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलं की ते हातातून सुटतं. म्हणून प्रशिक्षण म्हणजे पुन्हा शरीररचनेचं लेक्चर नको. वजनकाटा, बीपीचं यंत्र आणि मोजपट्टी, ही तीन हत्यारं रोजच्या वापरात यायला हवीत.

ओलान्झापिन सुरू केलं की काही जणांचं वजन पहिल्या काही आठवड्यांतच भराभर वाढतं. म्हणून गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, बीपी, साखर आणि चरबीची नोंद हवी. आधीचा आकडाच नसेल तर वाढ दिसणार कशी? कमरेचा घेर पुरुषाचा 90 सेंटीमीटरच्या आणि बाईचा 80 सेंटीमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं. आशाताईंना हे नवीन नाही, तिशीपुढच्यांच्या तपासणीच्या फॉर्मवर त्या कंबर मोजतातच. फक्त त्या यादीतून ‘वेडसर’ म्हणून ओळखलं जाणारं घर वगळायचं नाही.

आकडा लिहिला, पुढे काय? इथे बरीच प्रशिक्षणं गळपटतात, असं माझं मत आहे. साखर 250 आली तर सिस्टरनं कुणाला फोन करायचा, हे ठरलेलं नसेल तर नोंदवही नुसती भरत राहते. शिकवण्याबरोबर अधिकारही द्यावा लागतो. क्लोझापिनवर असलेल्या माणसाला ताप आला, घसा दुखायला लागला, तर पांढऱ्या पेशी कमी झाल्या असू शकतात. रक्ततपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. ‘डॉक्टर सोमवारी येतील’ हे उत्तर चालत नाही.

बिडीचंही असंच. बिडीच्या धुरामुळे लिव्हर क्लोझापिन लवकर निकालात काढतं. माणूस भरती झाला, बिडी बंद झाली, की तोच डोस रक्तात जास्त साठतो. ग्लानी, लाळ, कधी फिट. घरी येऊन पुन्हा बिडी सुरू केली की तोच डोस कमी पडतो, आणि आपण म्हणतो, आजार उलटला. हे काम धुराचं, निकोटीनचं नाही. त्यामुळे मिश्रीनं किंवा तंबाखू चघळून असं होत नाही. त्यांचे तोटे वेगळे आहेत. बिडी सोडायलाच मदत करायची, पण डॉक्टरांना सांगून, म्हणजे डोस बदलता येतो.

आता या भागाचं सांगतो. भातलावणीत कंबर मोडते, मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली जाते. ज्यांना लिथियम चालू आहे त्यांनी हे न विचारता करू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी लिथियम रक्तात वाढतं. पावसाळ्यात जुलाब लागले, अंगातलं पाणी गेलं, तरीही वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, चालताना झोक जायला लागला, बोलणं जड झालं, तर ‘डोक्याचं वाढलंय’ म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लिथियम चालू आहे हे आधी सांगा.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनाच्या आणि शरीराच्या रुग्णाला उपचारांत बरोबरीनं वागवायला सांगितलंय. त्यामुळे ‘याला तिकडे न्या’ असं कुणी म्हटलं, तर ‘आधी बीपी बघा’ असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि एक, हे सगळं ऐकून घरी जाऊन गोळ्या बंद करू नका. क्लोझापिनला दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल, तर जुन्या डोसनं परत सुरूही करू नका. आधी फोन करा, ती छोट्या डोसपासून चढवावी लागते.