सही तुमचीच, चोरी त्यांची

कूटचलन समजून घेताना : लेखांक ७

एक्स्चेंजवर नाणी ठेवणं आणि ती स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवणं, या दोन्हींतले फायदे-तोटे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. स्वतःकडे ठेवायचं ठरवलं तर राखणही स्वतःलाच करावी लागते, एवढ्यावर तो लेख थांबला होता. ही राखण नेमकी कशाची करायची, ते आज पाहू.

२४ एप्रिल २०१८ रोजी 'मायइथरवॉलेट' या संकेतस्थळाचा पत्ता अनेकांनी ब्राउझरमध्ये अगदी अचूक टाइप केला, तरी ते पोचले चोरांच्या दारात. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा संगणक शोधून देणाऱ्या अ‍ॅमेझॉनच्या डीएनएस सेवेकडे जाणारी वाहतूक चोरांनी जवळपास दोन तास भलतीकडे वळवली होती. समोर उघडलेलं पान हुबेहूब तेच होतं. फक्त, या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही, असा इशारा ब्राउझर देत होता. तो वाचून ज्यांनी खिडकी बंद केली, त्यांचं काही गेलं नाही. इशारा ओलांडून ज्यांनी लॉगिन केलं, त्यांचे मिळून सुमारे दीड लाख डॉलरचे इथर गेले.

चोरांनी त्या दिवशी इंटरनेटचे रस्ते बदलले, पण इथेरियमचं गणित मोडलं नाही. त्याची गरजच पडली नाही. वॉलेटवरच्या बहुतेक चोऱ्यांची रीत अशीच असते. मालक स्वतःच्या हाताने तीनपैकी एक गोष्ट करतो: गुप्त शब्द सांगतो, न वाचता सही करतो, किंवा चुकीच्या पत्त्यावर नाणी पाठवतो.

बारा शब्दांचं मोल

नाणी ब्लॉकचेनच्या वहीत नोंदलेली असतात. वॉलेटमध्ये असते ती त्या नोंदींवर सही करण्याची खासगी किल्ली. ही किल्ली माणसाला कागदावर उतरवून ठेवता यावी म्हणून २०१३ साली एक पद्धत पुढे आली. २०४८ सोप्या शब्दांची एक यादी आणि तिच्यातले १२ किंवा २४ शब्द ठरावीक क्रमाने. यालाच सीड फ्रेज म्हणतात. १२ शब्दांच्या फ्रेजमागे ज्या शक्यता असतात त्यांची संख्या ३९ आकडी आहे. जगातले सगळे संगणक जुंपले तरी अंदाजाने ती सापडायची नाही. म्हणून चोर अंदाज करत बसत नाहीत, सरळ तुम्हालाच विचारतात.

विचारण्याची निमित्तं ते मोठ्या कल्पकतेने शोधतात. लेजर ही हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली जपणारी छोटी उपकरणं, बनवणारी फ्रेंच कंपनी. २०२० साली तिच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली. उपकरणांतल्या किल्ल्या सुरक्षित राहिल्या, पण सुमारे १० लाख ईमेल पत्ते आणि जवळपास २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर चोरांच्या हाती लागले. डिसेंबरात ती यादी इंटरनेटवर उघडी पडली. मग 'तुमचं उपकरण धोक्यात आहे, २४ शब्द टाकून खातरजमा करा' अशा मजकुराच्या ईमेलांचा सुळसुळाट झाला. २०२१मध्ये तर काही जणांच्या घरी 'बदली उपकरण' म्हणून पॅकबंद खोकंच आलं, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र. उपकरणाच्या आत फेरफार केलेले होते आणि पत्रात शब्द टाकण्याची सूचना होती.

मे २०२५मध्ये कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजने असंच एक प्रकरण जाहीर केलं. परदेशातल्या ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन सुमारे ६९ हजार ग्राहकांची माहिती काढून घेण्यात आली होती. कंपनीच्या नावाने फोन करून लोकांकडून नाणी काढून घ्यायची, हा त्यामागचा डाव होता. तेव्हा फोनवरच्या माणसाला तुमचं नाव, पत्ता आणि शिल्लक ठाऊक असली, तरी तो कंपनीचाच आहे असं सिद्ध होत नाही.

सीड फ्रेज टाकण्याचा प्रसंग एकच: नव्या उपकरणावर आपलं वॉलेट आपण स्वतःहून पूर्ववत करताना. कुणी मागितली म्हणून ती कधीच द्यायची नाही, मागणारा कंपनीचा असो, पोलीस म्हणवणारा असो की टेलिग्रामवरचा मदतीला धावलेला सद्गृहस्थ असो. ती कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहावी आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. तिचा फोटो काढू नये, कारण फोनमधले फोटो आपसूक क्लाउडवर चढतात. स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवण्याची सवय इथे महागात पडते.

किल्ली ज्याच्या हाती, नाणी त्याची, हे पुण्यातल्या 'गेनबिटकॉइन' या गुंतवणूक-फसवणुकीच्या प्रकरणात फार विचित्र रीतीने पुढे आलं. २०१८च्या तपासात पुणे पोलिसांनी बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च २०२२मध्ये त्यांतल्याच दोघांना पोलिसांनी अटक केली. तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटांमधली नाणी स्वतःकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. ज्याने किल्ली एकदा पाहिली, त्याच्यावर भरवसा ठेवण्यापलीकडे मालकाच्या हाती काही उरत नाही. शंका आली तर नवं वॉलेट करून नाणी तिकडे हलवणं, एवढाच उपाय.

न वाचता केलेली सही

शब्द कुणाला सांगायचे नसतात, हे आता बऱ्याच जणांना कळलंय. म्हणून चोरांनी मोर्चा सहीकडे वळवला आहे. इथेरियमवरच्या एखाद्या सेवेला तुमची टोकन वापरायची असतील, तर तुम्ही तिला तशी परवानगी देता. ही परवानगी म्हणजे कुलमुखत्यारपत्रच. जमिनीचं कुलमुखत्यारपत्र दिलेला माणूस विक्री करताना तुम्हाला विचारायला येत नाही, तसंच इथेही आहे. शिवाय सोय म्हणून ही परवानगी पुष्कळदा अमर्याद रकमेची मागितली जाते आणि रद्द करेपर्यंत चालू राहते.

फुकट टोकन वाटपाची जाहिरात, एखाद्या नामांकित प्रकल्पाचं हॅक झालेलं खातं, गूगल शोधात सगळ्यात वर दिसणारी पैसे भरून लावलेली लिंक, यांपैकी कशावरही क्लिक केलं की चकचकीत पान उघडतं. 'वॉलेट जोडा', मग 'सही करा'. काही प्रकारच्या सह्यांना शुल्कही लागत नाही, त्यामुळे आपण काही खर्चच केलेला नाही असा सही करणाऱ्याचा समज होतो. ती सही घेऊन चोर पुढचा व्यवहार स्वतःच्या खर्चाने करतो आणि वॉलेट रिकामं होतं. या कामाचं तयार सॉफ्टवेअर 'ड्रेनर' या नावाने भाड्याने मिळतं आणि ते बनवणारा लुटीत वाटा घेतो. स्कॅम स्निफर या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ या एका वर्षात ड्रेनरांनी सुमारे ३ लाख २४ हजार लोकांकडून जवळपास ३० कोटी डॉलर नेले.

खऱ्या संकेतस्थळावर असताना तरी निर्धास्त राहता येतं का? १४ डिसेंबर २०२३ रोजी तोही भरवसा खोटा ठरला. लेजरच्या एका माजी कर्मचाऱ्याला फिशिंगमध्ये गाठून चोरांनी अनेक सेवा वापरत असलेल्या एका सामायिक कोडमध्ये ड्रेनर घुसवला. काही तासांत तो काढला गेला, पण तोवर अस्सल संकेतस्थळांवरूनच काही लाख डॉलर गेले होते.

पडद्यावर दिसतं एक आणि सही होते दुसऱ्यावर, हा प्रकार मोठमोठ्या कंपन्यांच्याही अंगाशी आला आहे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता गेली आणि असंख्य भारतीय ग्राहकांचे पैसे अडकले. त्या वॉलेटला एकापेक्षा जास्त सह्या लागत होत्या आणि त्या सगळ्या मिळाल्या. दिसणारा तपशील आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असं कंपनीने सांगितलं. जबाबदारी कुणाची यावर तिचे आणि वॉलेट सांभाळणाऱ्या कंपनीचे दावे वेगळे आहेत. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलरचे इथर गेले. वॉलेटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीतल्या एका डेव्हलपरचा संगणक ताब्यात घेऊन चोरांनी सही करणाऱ्यांना दिसणारं पानच बदललं होतं. ही चोरी उत्तर कोरियाची असल्याचं एफबीआयने काही दिवसांतच जाहीर केलं.

यातून सामान्य माणसाने घ्यायचं ते एवढंच. हार्डवेअर वॉलेट जरूर घ्यावं, पण कंपनीकडून थेट, जुनं किंवा सवलतीतलं नव्हे. संगणकाच्या पडद्यावर काय लिहिलंय यापेक्षा उपकरणाच्या छोट्या पडद्यावर काय लिहिलंय ते पाहावं, आणि ते समजत नसेल तर सही करू नये. दीर्घकाळ ठेवायची नाणी एका वॉलेटमध्ये आणि नव्या सेवांना जोडायचं वॉलेट वेगळं, त्यात थोडकीच रक्कम. दिलेल्या परवानग्या इथरस्कॅनवर किंवा रिव्होक डॉट कॅशवर अधूनमधून तपासून नको त्या रद्द कराव्यात. या संकेतस्थळांचीही नकली रूपं फिरत असतात, तेव्हा एकदा खात्री करून बुकमार्क करावं आणि तिथूनच जावं.

पत्त्याची नक्कल

इथेरियमचा पत्ता ४२ अक्षरांचा असतो. तो पुरता कुणी वाचत नाही. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली की आपलं समाधान होतं. चोर नेमकं हेच हेरतात. तुम्ही ज्या पत्त्यावर नाणी पाठवता, त्याच्यासारखी सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता ते तयार करतात आणि त्यावरून तुमच्या वॉलेटच्या इतिहासात एक नगण्य व्यवहार उमटवून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून पत्ता कॉपी केला की काम झालं.

३ मे २०२४ रोजी एका बड्या धारकाने असेच ११५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं टोकनरूप), म्हणजे सुमारे ७ कोटी डॉलर, भलत्याच पत्त्यावर पाठवले. त्याने आधी किरकोळ रक्कम पाठवून चाचणीही घेतली होती. चाचणी योग्य पत्त्यावर झाली, मोठी रक्कम नकली पत्त्यावर. पुढे वाटाघाटींतून बहुतेक रक्कम परत मिळाली, पण असं नशीब क्वचितच कुणाच्या वाट्याला येतं. म्हणून इतिहासातून पत्ता उचलू नये. वॉलेटच्या अ‍ॅड्रेस बुकात तो एकदा नीट पडताळून जतन करावा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारी मालवेअरही असतात, त्यामुळे पेस्ट केल्यावर मधली अक्षरंसुद्धा ताडून पाहावीत.

एक्स्चेंजवर खातं असेल तर आणखी दोन कामं. ओटीपी एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्यावा, कारण तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिमकार्ड काढलं की एसएमएस चोराकडे जातो. आणि सोय असेल तर ठरवून दिलेल्या पत्त्यांवरच नाणी काढता येतील, अशी मर्यादा घालून ठेवावी.

चोरी झालीच तर

बँक खात्यातून त्रयस्थाने पैसे काढले आणि तुमचा दोष नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर बोजा पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे. ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे. कूटचलनाला यांतलं एकही संरक्षण लागू नाही. सरकार त्यावरच्या नफ्यावर एप्रिल २०२२पासून ३० टक्के कर घेतं, पण उलटवता येणारा व्यवहार आणि दाद देणारी शाखा ही चीजच इथे नाही.

तरीही हातपाय गाळू नयेत. उरलेली नाणी लगेच नव्या शब्दांच्या नव्या वॉलेटमध्ये हलवा. व्यवहाराचा हॅश आणि चोराचा पत्ता नोंदवून १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. नाणी एखाद्या एक्स्चेंजकडे गेलेली दिसली तर त्यांनाही कळवा. युएसडीटीसारखं स्टेबलकॉइन असेल तर ते जारी करणारी कंपनी संबंधित पत्ता गोठवू शकते, म्हणून वेळ घालवू नका. आणि 'फी भरा, नाणी परत आणून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. तो बहुधा दुसरा चोर असतो, आणि कधीकधी पहिलाच.

या आठवड्यात वाचकांनी एवढं करावं: सीड फ्रेज फोनमध्ये कुठेही असेल तर नवं वॉलेट तयार करून नाणी तिकडे न्यावीत, आणि दिलेल्या परवानग्यांची यादी एकदा उघडून पाहावी. तासाभराचं काम आहे. चोरी झाल्यावर वर्षभर धावपळ करूनही जे हाती येत नाही, ते या तासाभरात वाचतं.

(पुढील लेखांक : कूटचलनावरचा कर आणि त्याचा हिशेब)