गोधडीचे छायाचित्र

सहलीस निघताना लोक डबे, सतरंजी, पाण्याची भांडी असे सामान बरोबर घेतात. गेल्या पौषात आम्ही परभणीहून चारठाण्यास गेलो, तेव्हा या सामानात एका गोधडीची भर होती. आणि ती पांघरण्यासाठी नव्हे, तर तिचे छायाचित्र काढण्यासाठी नेलेली होती! पांढऱ्या धोतरात बांधलेले ते गाठोडे सासूबाईंनी वाटेत एकदाही मांडीवरून खाली ठेवले नाही. धाकट्या चिरंजीवांनी विचारले, "आजी, यात दागिने आहेत का?" "त्याहून जुने आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

आमची वडील कन्या शिक्षणासाठी जर्मनीस जावयाची होती. नातीला तिकडच्या थंडीत घरची ऊब असावी म्हणून सासूबाईंनी सव्वा वर्ष खपून ही गोधडी पुरी केली. ती दूरदेशी जाण्यापूर्वी तिचा फोटो काढावा आणि तो चारठाण्यासच काढावा, हा आग्रहही त्यांचाच. जिंतूर तालुक्यातील हे गाव त्यांचे आजोळ. त्या सात वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. तिचे एकही छायाचित्र घरात नाही. मागे राहिले ते एक हिरवे सुती लुगडे, तेही विरलेले. त्याचा जो भाग सुईला टिकला तो या गोधडीच्या मध्यभागी आहे. "आईचा फोटो नाही तो नाही, तिचे लुगडे तरी तिच्या गावच्या उन्हात दिसू दे," असे त्या म्हणाल्या, तेव्हा घरात कोणी वाद घातला नाही.

त्या काळी आपल्या भागात फोटो काढणारे नव्हतेच असे नाही. चारठाणे १९४८ पर्यंत ज्या निझामी राज्यात होते, त्याच राज्याच्या राजधानीत राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला होता, आणि तेथे छायाचित्रे काढण्याचे काम एका आंग्ल बाईंकडे सोपविले होते. पण तो हैदराबादच्या अमीर-उमरावांच्या घरच्या स्त्रियांसाठी! खेड्यातील एखाद्या भिक्षुकाच्या सुनेचा चेहरा टिपून ठेवावा, असे कोणाच्या मनात यावे? तिची आठवण राहावयाची ती लुगड्याच्या काठात, नाहीतर एखाद्या भांड्यावरच्या नावात.

ज्यांनी गोधडी शिवताना पाहिली नाही त्यांना ती ठिगळांची जोडाजोड वाटते. वास्तविक ते फार शिस्तीचे काम आहे. खाली एक अखंड लुगडे अंथरावयाचे, त्यावर जुन्या धोतरांचे व पंचांचे थर द्यावयाचे, वर तुकडे मांडावयाचे, आणि मग धावदोऱ्याने कडेकडेने शिवत, फेऱ्याफेऱ्यांनी आत आत यावयाचे. सर्वांत शेवटचा टाका मध्यभागी पडतो. कर्नाटकात कारवार भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रियाही आपली कवंदी अशीच कडेपासून आत शिवीत येतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. सासूबाईंनी कोपऱ्यांना फुले लावली नाहीत. "मला दिसेनासे होण्याच्या आत मध्यावर पोहोचायचे होते," असे त्यांनी मला मागाहून सांगितले.

चारठाण्याची जुनी दगडी मंदिरे प्रसिद्ध आहेत. गोकुळेश्वराचे मंदिर, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी बारव, आणि नक्षीदार उंच स्तंभ पाहिला की आपण एका लहान खेड्यात उभे आहो हे विसरावयास होते. मी मनाशी बेत केला होता की, काळ्या दगडाच्या पार्श्वभूमीवर रंगीत गोधडी उभी धरावी. चित्र मोठे नामी येईल. पण सासूबाई एकदम म्हणाल्या, "छे! वापरलेल्या कपड्यांचे अंथरूण ते. देवाच्या दारात नको." त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना मला सगळ्याच पटतात असे नाही. परंतु शेकडो वर्षांच्या कोरीव दगडाला दोरी अडकविणे हाही एक अविवेकच. म्हणून मी मुकाट्याने मान्य केले.

आवारापासून दूर जाऊन दोघा मुलांच्या हाती टोके देऊन मी काही फोटो घेतले. ते अगदी निर्जीव आले. ऊन समोरून पडत होते. त्यामुळे रंग दिसत होते, पण एकही टाका दिसेना. छापील चौकड्यांची चादर म्हणून ती सहज खपली असती. टाक्यांनी पडलेल्या बारीक सुरकुत्या दिसावयाच्या, तर प्रत्येकीला स्वतःची सावली हवी, आणि त्यासाठी ऊन बाजूने, तिरपे यावयास हवे. म्हणून आम्ही दिवस कलेपर्यंत थांबलो.

गावाबाहेरच्या एका शेतात दोन लिंबांच्या मध्ये दोरी बांधून गोधडी वाळत घातल्यासारखी टाकली. शेताची मालकीण कुतूहलाने जवळ आली. तिने समोरची बाजू पाहिलीसुद्धा नाही, सरळ कोपरा उलटला आणि म्हणाली, "लई बारीक टाका हाय की, माय!" सासूबाईंचा चेहरा त्या दिवशी प्रथमच खुलला. त्या मला म्हणाल्या, "मागून काढ."

मागून कोण फोटो काढतो, असे मला वाटले. पण दोरीवर गोधडी उलटून टाकली आणि मावळतीचे ऊन तिच्यावरून सरपटत गेले, तेव्हा मी पाहातच राहिले. एका रंगाच्या लुगड्यावर नुसत्या टाक्यांच्या ओळी, नांगरलेल्या शेतासारख्या! कडेला त्या दाट होत्या. आत येता येता टाके लांबत गेले होते, ओळी किंचित वाकड्या झाल्या होत्या. आणि पुढे एका फेरीपासून ते पुन्हा तांदळाएवढे बारीक झाले होते. "येथे डोळ्यांत मोतीबिंदू होता," सासूबाई बोट फिरवून म्हणाल्या, "आणि येथून शस्त्रक्रियेनंतरचे." त्या महिन्यांत आम्हांपैकी कोणालाही त्यांनी कमी दिसते म्हणून सांगितले नव्हते. वाऱ्याने गोधडी हलत होती म्हणून त्यांनी मागे उभे राहून वरची कड धरली. स्वतःचा फोटो काढू देण्यास त्यांनी साफ नकार दिला होता. तरी त्यांची चार बोटे त्या चित्रात आली आहेत.

अमेरिकेतील अलाबामा प्रांतात गीज बेंड नावाचे निग्रो शेतकऱ्यांचे खेडे आहे. आर्थर रॉथस्टाइन या छायाचित्रकाराने १९३७ साली तेथील घरे व माणसे टिपली. शिवणकाम करणाऱ्या बायकाही त्यांत आहेत. तेथल्याच मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली, पती निवर्तल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, शिवणारणीच्या नावासह आहे. तुकडे कोणाच्या कपड्यांचे हे तिच्या लेकीने सांगितले म्हणून जगाला कळले. एरवी ते जुने कापडच.

हे आठवून त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि सासूबाईंकडून एकेक तुकडा लिहून घेतला. मामंजींचा सदरा, वन्संचे परकर, मुलांची झबली. दोन तुकडे माझ्याच पातळांचे निघाले, जी बोहारणीला देऊन मी पातेले घेतले अशी माझी आजवर समजूत होती! त्या पातेल्याचे पैसे त्यांनी पदरचे दिले होते.

गोधडी आता जर्मनीत आहे. एवढी आठवणींची वस्तू वापरून झिजवू नकोस, पेटीत जपून ठेव, असे मी लेकीला बजावले होते. दर रविवारी तिच्याशी बोलणे होते. सासूबाईंचा प्रश्न प्रत्येक वेळी तोच असतो : "पांघरतेस ना?"