अकेडिया राष्ट्रीय उद्यान : उन्हाळ्यापूर्वीचा पर्यटनकाळ

अकेडिया राष्ट्रीय उद्यान हे अमेरिकेच्या मेन राज्यातील, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावरील राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचा बहुतांश भाग माउंट डेझर्ट बेटावर असून मुख्य भूमीवरील स्कूडिक द्वीपकल्पाचा काही भागही त्यात मोडतो. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंतचा काळ हा येथील उन्हाळी गर्दीपूर्वीचा काळ होय. या दिवसांत पर्यटक कमी असतात. मात्र ओली जमीन आणि पक्ष्यांची वीण यांमुळे उद्यानाचे काही भाग बंद ठेवावे लागतात.

पार्श्वभूमी

जॉर्ज डॉर, चार्ल्स एलियट आदींच्या प्रयत्नांतून जमलेल्या खासगी जमिनी सरकारला दान करण्यात आल्या आणि १९१६ मध्ये येथे राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. १९१९ मध्ये त्याला ‘लाफायेत’ या नावाने राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील हे पहिले राष्ट्रीय उद्यान होते. ‘अकेडिया’ हे नाव १९२९ पासून रूढ आहे. सुमारे २०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात २०२१ मध्ये ४० लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत सर्वाधिक गर्दी होते.

रस्ते व पायवाटा

उद्यानातील सुमारे ४३ किलोमीटर लांबीच्या वळसामार्गाचा बराचसा भाग १ डिसेंबरपासून वाहनांसाठी बंद असतो व साधारणतः १५ एप्रिलला खुला होतो. जॉन रॉकफेलर (कनिष्ठ) यांनी १९१३ ते १९४० या काळात बांधवून घेतलेले घोडागाडीचे रस्ते मात्र त्यानंतरही काही काळ बंद राहू शकतात. हिवाळ्यात गोठलेली जमीन वसंतात वरून वितळू लागते, पण खालचा थर गोठलेलाच असल्याने पाणी मुरत नाही. अशा भुसभुशीत पृष्ठभागावर पावले व सायकलची चाके खोल रुततात आणि रस्त्याची बांधणी खिळखिळी होते. ‘चिखलाचा हंगाम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळात रस्ते पुरेसे कोरडे होईपर्यंत त्यांवर चालण्यासही मनाई असते.

बहिरी ससाण्याची वीण

डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाणा नाहीसा झाला होता. १९८४ ते १९८६ या काळात अकेडियात ससाण्याची पिल्ले आणून सोडण्यात आली आणि १९९१ पासून तेथे पुन्हा यशस्वी वीण होऊ लागली. माणसांची चाहूल लागल्यास पक्षी घरटे सोडून जाण्याचा संभव असतो. म्हणून वसंतापासून साधारणतः ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रेसिपिससारख्या कड्यावरील वाटा बंद ठेवतात.

सूर्योदय, भरती-ओहोटी व हवामान

४६६ मीटर उंचीच्या कॅडिलॅक पर्वतावर अमेरिकेतील पहिला सूर्योदय दिसतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हे केवळ ऑक्टोबरच्या प्रारंभापासून मार्चच्या प्रारंभापर्यंतच खरे असते. शिखरावर मोटारीने जाण्यासाठी मेच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत आगाऊ आरक्षण लागते. ही पद्धत २०२१ पासून लागू आहे.

बार हार्बर गावासमोरील बार बेटाकडे नेणारी वाळू-खड्यांची पट्टी ओहोटीच्या आधी व नंतर सुमारे दीड तासच उघडी असते. येथे भरती-ओहोटीतील फरक तीन मीटरहून अधिक असल्याने वेळ चुकल्यास पुढील ओहोटीपर्यंत बेटावर अडकून पडावे लागते. वसंतात समुद्राचे पाणी अत्यंत थंड असते आणि वर्दळही विरळ असते; म्हणून तेव्हा ही चूक अधिक धोक्याची ठरते. धुके वारंवार पडते आणि मेच्या मध्यापासून चावणाऱ्या काळ्या माश्यांचा उपद्रव सुरू होतो. मोफत बससेवा साधारणतः जूनच्या उत्तरार्धात सुरू होत असल्याने या काळात वाहनाची सोय स्वतः करावी लागते.

महत्त्व

गर्दीपूर्वीचे हे आठवडे पर्यटकांसाठी निवांतपणाचे, तर उद्यानासाठी सावरण्याचे असतात. वितळणारी माती व उबवली जाणारी अंडी यांना याच दिवसांत सर्वाधिक जपावे लागते. त्यामुळे बंद वाट टाळून खुल्या किनाऱ्याकडे वळणे हा या काळातील भेटीचा अविभाज्य भाग ठरतो.