कोंबड्याच्या वीर्याला वनस्पतींच्या अर्काचा आधार

आमच्या वसई-विरार पट्ट्यात गावठी कोंबडीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. अडचण आहे ती चांगल्या पिलांची. जातिवंत कोंबडा नालासोपाऱ्यात एकाकडे आणि कोंबड्या आगाशीला दुसऱ्याकडे, असे असले की कृत्रिम रेतनाचा विचार करावा लागतो. कोंबड्याची पाठ व पोट चोळून वीर्य काढण्याची पद्धत बरोज आणि क्विन यांनी १९३७ साली मांडली. आजही तीच वापरात आहे.

वीर्य काढणे अवघड नाही, टिकवणे अवघड आहे. उन्हाळ्यात ते तासाभरात निकामी होऊ लागते. गोठवले तर कोंबड्याचे बरेचसे शुक्राणू मरतात. म्हणून योग्य द्रावण मिसळून ५ अंश सेल्सिअसला ठेवतात. तेथे ते साधारण एक दिवस कामाचे राहते.

तेथेही ते हळूहळू बिघडतेच. शुक्राणूच्या आवरणात स्निग्धांश असतो. उघडे राहिलेले तेल जसे खवट होते, तसा हा स्निग्धांश प्राणवायूमुळे खराब होतो आणि शुक्राणूंची हालचाल मंदावते. हळद, ग्रीन टी, रोझमेरी यांतील काही घटक हा बिघाड रोखून धरतात. म्हणून संशोधकांनी त्यांचे अर्क किंवा घटक कोंबड्याच्या वीर्यात घालून पाहिले. ठरावीक मात्रेत हालचाल अधिक काळ टिकल्याचे दिसले. मात्रा वाढली की तोच अर्क अपाय करतो.

म्हणून घरचा काढा वीर्यात कोणीही ओतू नये. त्यातून जंतू शिरतात, आंबटपणा बदलतो आणि सगळा माल वाया जातो. स्वच्छ भांडी, थंडी आणि वेळ हे आधी, अर्क नंतर.

अर्काची बाटली घेण्याआधी साधी परीक्षा करावी. वीर्याचे दोन भाग करून एकात अर्क घालावा, दुसऱ्यात घालू नये. सारख्या वयाच्या कोंबड्यांना, अंडी घालून झाल्यावर दुपारी रेतन करावे. दुसऱ्या दिवसापासूनची अंडी वेगवेगळी उबवून सातव्या दिवशी दिव्यापुढे धरावीत. फळलेली अंडी मोजली की अर्काचा उपयोग कळतो.

मात्रेविषयी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा गोरेगावला आरे कॉलनीतील केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेत विचारावे. लोकलच्या तिकिटाचा खर्च वाया गेलेल्या अंड्यांपेक्षा खचितच कमी आहे.